चहा छान आहे

एजवेअर
रविवार, ६ जुलै २०२५

ती. ताई,
सा. न.

चामडी आली. सहा. स्वच्छ, कमावलेली, तयार. चैत्रालीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "काका, ई!" एवढंच.

चैत्राली तुला माहीत नाही. आमच्या ढोल पथकाची प्रमुख. वय चौतीस, आठवडाभर बँकेत, शनिवारी सकाळी कम्युनिटी हॉलच्या कारपार्कमध्ये आम्हा बावीस जणांवर ओरडायला मोकळी. पथकाच्या सगळ्या ढोलांना प्लास्टिकची पानं आहेत. मी पहिल्याच दिवशी म्हणालो, ही बादली वाजते आहे. ती म्हणाली, "बादली ओली झाली तरी वाजते, काका. तुमचं चामडं या देशात मे महिन्यातच रडायला लागेल." दोन वर्षं हा वाद चालला आहे. शेवटी करार झाला. एका ढोलाला मी चामड्याचं पान चढवायचं. सहा सप्टेंबरला विसर्जनाची मिरवणूक आहे. पान तोवर तयार झालं आणि तिच्या कानाला पटलं, तर मिरवणुकीतला पहिला टोल माझा.

मला तो टोल हवा आहे. अडुसष्टाव्या वर्षी माणसाला एखादी गोष्ट हवीशी वाटावी, हेच मला मोठं वाटतं.

वरदा मजेत. चहा अजून पाणचटच करते. चाळीस वर्षं सांगतो आहे.

तुझा,
मोहन

ता. क. चामडी शेडमध्ये आहेत हे वरदाला ठाऊक नाही. तिला वाटतं मी लॉनमोअर दुरुस्त करतो आहे.


कार्डिफ
बुधवार, ९ जुलै

चि. मोहन,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी खालून वर वाचलं. अण्णांनी लावलेली सवय. चार पानं हवापाण्याची, कोण पास झालं, कोणाकडे बारसं झालं, आणि मग ता. क. मध्ये आजी गेली. हॉस्टेलवर मी पाकीट फोडलं की आधी शेवटचं पान काढायची. आपल्या घरात खरं पत्र ता. क. मध्येच असतं. लॉनमोअरचं वाचून हायसं वाटलं. बायकोशी एवढंच खोटं बोलत असशील तर ठीक.

कानाची नवी यंत्रं आली. फोनवर अजून शिट्टीच ऐकू येते. म्हणजे तुझी सुटका नाही, पत्रं लिहावीच लागतील.

शेजारची ग्वेन मला तिच्या चॅपलमधल्या गायनाला घेऊन जाते. मला शब्द लागत नाहीत, सूरही लागत नाहीत. म्हणून ती मला खर्जातल्या पुरुषांच्या रांगेमागे बसवते. तिथे बाकावर हात ठेवला की गाणं हाताला कळतं. एक म्हातारा इतका खाली गातो की माझ्या बरगड्या थरथरतात. मी ग्वेनला सांगितलं, सत्तरी उलटल्यावर एवढं पुष्कळ. ती लाजली.

चामड्याला हात लावताना हातमोजे घाल. तयार असलं तरी.

ताई

ता. क. चहाबद्दल: स्वतः कर.


एजवेअर
रविवार, १३ जुलै

ती. ताई,
सा. न.

एक पान भिजवलं, कड्यावर ताणलं, दोऱ्या ओढल्या. अजून ओलं आहे. तरीही बोटाने टकटक केली तर आतून कोणीतरी "काय आहे?" विचारल्यासारखा आवाज आला. मी शेडमध्ये एकटाच हसलो.

काल चैत्राली बघायला आली. दारातच नाक धरून उभी. "काका, हा ढोल आहे की गुन्हा?" मग आत आली, वाकून वास घेतला, पानावर एकदा हात फिरवला. जाताना म्हणाली, "वाळल्यावर बोलावा." मी अर्धी लढाई जिंकलो.

वरदाला कळलं. बारा तास बोलली नाही. मग बोलली. बारा तास बरे होते.

तुझा,
मोहन

ता. क. उजव्या मनगटाच्या वर छोटा फोड आलाय. बागेत चिलटं फार झालीत. खाजतो, दुखत नाही.


कार्डिफ
बुधवार, १६ जुलै

चि. मोहन,
आशीर्वाद.

फोडाचा रंग कोणता? आत पाणी आहे का? भोवती सूज आहे का? ताप?

फोडू नकोस. जीपीला दाखव. मी निवृत्त आहे, तुझ्या हातावर माझी नजर पोचत नाही.

बाकी पुढच्या पत्रात.

ताई


एजवेअर
शुक्रवार, १८ जुलै

ती. ताई,
सा. न.

तू निवृत्त झालीस यावर माझा विश्वास नाही. चार ओळींत चार प्रश्न.

काळजीचं काही नाही. चिलट वगैरे नव्हतंच ते. थालीपीठ लावताना तव्याचा चटका बसला होता, माझ्या लक्षात नव्हतं. आता मधोमध काळी खपली धरली आहे, पाच पेन्सच्या नाण्याएवढी. अगदी काळी, डांबरासारखी. आणि ताई, अजिबात दुखत नाही. दाबलं तरी नाही. म्हणजे आतून भरत आलं आहे. भाजल्यावर थोडी सूज येतेच.

पान वाळलं. ढोल वाजतो. काय वाजतो! शेजारच्या घराच्या खिडक्यांनी दाद दिली. शेजाऱ्यानेही दिली, पण वेगळ्या शब्दांत.

तुझा,
मोहन

ता. क. जीपीची वेळ पुढच्या शुक्रवारची मिळते आहे. तोवर बरंच होईल.


एजवेअर
१८ जुलै

ती. ताई,
सा. न.

यांच्या नकळत लिहिते आहे. यांचं पत्र टाकायला मीच जाते आहे, त्याच डब्यात हेही पडेल. मला तुमच्यासारखं ता. क. पर्यंत थांबता येत नाही.

यांच्या हाताला काहीतरी झालं आहे. काळी खपली आहे, भोवती बारीक पाण्याचे फोड आहेत आणि सूज कोपराच्याही वर गेली आहे. शर्टाची बाही शिरत नाही. कालपासून जुलैमध्ये स्वेटर घालून बसतात. जिना चढले की पायरीवर टेकतात. विचारलं तर म्हणतात, चटका आहे. कसला चटका? चाळीस वर्षांत या माणसाने तव्याला हात लावलेला नाही. तवा कुठल्या कपाटात असतो तेही सांगता येणार नाही.

आणि ते केस! आल्या दिवसापासून शेडमध्ये बसून त्या बकऱ्यांच्या कातड्यांचे केस खरवडतात. कुठल्याशा देशातून मागवली आहेत, केसांसकट, कच्ची. घरभर केस झालेत. मोज्यांत केस, आमटीत केस. हातमोजे बोटांना "आवाज लागू देत नाहीत" म्हणून घालत नाहीत.

मी उगीच घाबरते आहे का, एवढंच कळवा.

वरदा


रेल्वेत, कार्डिफहून लंडनकडे
शनिवार, १९ जुलै, सकाळ

चि. वरदा,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. तुझ्या हातात द्यायचं आहे.

माझा टेक्स्ट तुला मिळाला आणि तुम्ही हॉस्पिटलकडे निघालात हे वाचलं. शहाणी आहेस. उगीच घाबरली नव्हतीस. दोन्ही पत्रं आज एकत्र आली. त्याचं वाचून मी नुसती चिडले. आधी चिलट, मग तवा. तुझं वाचलं आणि उठून बूट घातले. तो मला "कमावलेली, तयार" म्हणाला होता. तू केस म्हणालीस.

मला वाटतं ही काळपुळी आहे. अँथ्रॅक्स. जनावरांचा रोग. त्याचं बीज कच्च्या कातड्यात, केसांत वर्षानुवर्षं जिवंत राहतं आणि खरचटलेल्या जागेतून आत शिरतं. दाखल करताना पहिल्याच वाक्यात सांग: परदेशातलं कच्चं कातडं खरवडलं आहे, काळी खपली आहे, दुखत नाही. चामड्याचं आधी, तव्याचं नाव नको. मी तिथल्या डॉक्टरांनाही लिहून पाठवलं आहे.

मोहनला जे चांगलं वाटलं तेच वाईट लक्षण होतं. साधं गळू ठणकतं. हे ठणकत नाही.

आता नीट वाच. औषध आहे आणि ते काम करतं. त्याच्यापासून तुला लागण होत नाही, हात धरून बस. बहुतेक माणसं बरी होतात. पण खपली माणसाला मारत नाही. खपलीतून जे रक्तात जातं त्याची भीती. ते गेलं की नाही, हे पहिल्या दोन दिवसांत बघायचं असतं. डॉक्टर येतील आणि जातील. तू बसलेली असशील. म्हणून तुला लिहिते.

सूज कुठवर आहे तिथे पेनाने रेघ ओढून ठेव. रेघ ओलांडून खांद्याकडे, मानेकडे चढली तर सांग. श्वास मोज. झोपलेला असताना मोज, त्याला न सांगता. भरभर चालला, छातीत दाटलं म्हणाला तर सांग. नाडी धावते आहे, अंगाला थंड घाम आहे, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते, तर सांग. ताप नसला म्हणून निर्धास्त होऊ नकोस. पोटात फार दुखलं, उलट्या झाल्या, तर सांग. सगळ्यात महत्त्वाचं, डोकं. भयंकर डोकेदुखी, मान आखडणं, उजेड न सोसणं, आणि बोलण्यात फरक. तो आहे तसा आहे का, हे बघ. वॉर्डात हे कोणालाही तपासता येणार नाही, कारण आधीचा मोहन त्यांनी पाहिलेला नाही. तू पाहिला आहेस. तुला वेगळा वाटला तर तेवढं कारण पुरे. बझर दाब. लाजू नकोस. नर्स हसली तर हसू दे.

१९७५ साली मिरजेला इंटर्न असताना असा एक माणूस आला होता. मेलेली म्हैस सोलली होती त्याने. दंडावर हीच खपली. बायको म्हणत होती, "हे असं कधी बोलत नाहीत." मी तिला म्हटलं, तापात बोलतात. त्याचं नाव मला अजून आठवतं.

रेडिंग गेलं. अर्ध्या तासात पोचते.

ताई

ता. क. नाही. सगळं वरच लिहिलं आहे.


हॉस्पिटल, लंडन
बुधवार, ३० जुलै

ती. ताई,
सा. न.

तू काल कार्डिफला परत गेलीस आणि आज मला पेन मिळालं. हात अजून बँडेजमध्ये आहे, अक्षर डाव्या हाताचं आहे. माझ्या नेहमीच्या अक्षरापेक्षा बरं दिसतं असं वरदा म्हणते.

मला रविवारचं काही आठवत नाही. शनिवारी तू आलीस, माझ्यावर मराठीत ओरडलीस, डॉक्टरांवर इंग्रजीत ओरडलीस, हे आठवतं. नंतर एकदम मंगळवार. मधला भाग मी वरदाकडून ऐकला. तू तेव्हा खाली कँटीनमध्ये होतीस, त्यामुळे तुला तो तुकड्यातुकड्यांतच कळला असणार. तर नीट सांगतो.

रविवारी दुपारी ट्रॉलीवरून चहा आला. कागदी कप, पिशवी आतच तरंगते आहे, दूध वरून घातलेलं, थंड. वरदाच्या हातात तुझं पत्र होतं. ती म्हणते, इतक्या वेळा उघडलं की घडीवर फाटलं. तिने रेघ बघितली होती, ओलांडली नव्हती. श्वास मोजले होते, ठीक होते. दहा मिनिटांपूर्वीच नर्सने तपासून सगळं बरं लिहिलं होतं. मी चहा प्यायलो. सगळा. कप खाली ठेवला आणि म्हणालो, "चहा छान आहे."

वरदाने बझर दाबला.

नर्स आली. वरदा म्हणाली, "ही इज नॉट वेल. ही सेड द टी इज गुड." नर्स खरंच हसली. वरदा हसली नाही. तिने तुझं पत्र पुढे केलं, मराठीतलं, जणू त्या बाईला वाचता येणार होतं. म्हणाली, "फॉर्टी इयर्स, नेव्हर. नॉट वन्स." ती नर्स, नीना तिचं नाव, नाशिकची निघाली ताई, पण ते नंतर कळलं. तिने वरदाच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा मशीन लावलं. नाडी एकशे बत्तीस. प्रेशर घसरत होतं. मला विचारलं, तुम्ही कुठे आहात? मी म्हणालो, अण्णांच्या दुकानात. त्यांना दुकान कधी होतं?

पंधरा मिनिटांत मला वरच्या मजल्यावर हलवलं. दुसरी औषधं सुरू केली. पाठीतून पाणी काढून तपासलं. तिथले मोठे डॉक्टर काल म्हणाले, संध्याकाळच्या फेरीपर्यंत थांबला असता तर आपण हे बोलत बसलो नसतो. त्यांनी माझ्या कागदांत खरंच लिहिलं आहे: बायकोच्या मते रुग्णाने चहाची स्तुती केली. शिकाऊ डॉक्टर येऊन ते वाक्य वाचून जातात. मी प्रसिद्ध आहे.

ताई, मी तुला "तयार" लिहिलं. कच्ची म्हटलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी येऊन उचलून नेली असतीस. मला टोल हवा होता. एवढंच कारण. याहून मोठं काही शोधलं, सापडलं नाही.

तुझा,
मोहन

ता. क. पांढऱ्या सूटमधली माणसं आली आणि शेड बंद करून कातडी, ढोल, माझे मोजे, सगळं घेऊन गेली. ढोल जाळणार आहेत. शेजाऱ्याने टाळ्या वाजवल्या असं वरदा सांगते.


कार्डिफ
रविवार, ३ ऑगस्ट

चि. मोहन,
अनेक आशीर्वाद. यावेळी जरा जास्तच.

तुला रागवायचं ठरवून तीन कागद फाडले. आता रागावणं होत नाही, कागद संपत आले.

मी पंचेचाळीस वर्षं माणसं तपासली. "रुग्ण गोंधळलेला आहे का" हे विचारायला आम्ही आजचा वार विचारतो, पंतप्रधान कोण ते विचारतो. धडधाकट माणसांतल्या अर्ध्यांनाही ते येत नाही. वरदाने चहा तपासला. मी ग्वेनला सांगितलं, तिला ते तीनदा सांगावं लागलं, मग ती एवढी हसली की चष्मा काढून पुसावा लागला.

मिरजेच्या त्या बाईचं मी ऐकलं नव्हतं. वरदाचं ऐकलं, त्यात तिच्या वाटचंही ऐकलं असं मी धरून चालले आहे. यापुढे हा विषय नको.

गोळ्या पूर्ण घे. खपली आपण होऊन पडेल, ओढू नकोस. जड उचलायचं नाही. ढोल म्हणजे जड.

ताई

ता. क. चैत्रालीचं मला पत्र आलं. हाताने लिहिलेलं, मुलीने पहिल्यांदा लिहिलं असावं, समासच नाही. शेडमध्ये येऊन पानावर हात फिरवला म्हणून तिलाही दोन महिने गोळ्या दिल्या आहेत. लिहिते, "काकांच्या चामड्यामुळे माझी वाइन बंद, तरी मला ते परत हवे आहेत." तिने मला सहा सप्टेंबरला बोलावलं आहे. का ते लिहिलेलं नाही.


कार्डिफ
सोमवार, ८ सप्टेंबर

चि. मोहन,
आशीर्वाद.

पोचले. पाय दुखतात. तळहाताला फोड आहे. घाबरू नकोस, हा दुखतो.

तू मागे खुर्चीत होतास, तुला पुढचं दिसलं नसेल. चैत्रालीने प्लास्टिकचा ढोल माझ्या कमरेला बांधला आणि कानाशी येऊन काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. तिने माझ्या हातात टोलाची काठी दिली, तेव्हा कळलं. मी म्हटलं, हा मोहनचा आहे. तिने मागे तुझ्याकडे बोट दाखवलं. तू दोन्ही हात वर केले होतेस. उजवाही. मी आधी तेच पाहिलं, हात खांद्याच्या वर जातो आहे.

मग यंत्रं काढून पर्समध्ये टाकली. सगळं एकदम शांत झालं. गणपती, शंभरएक माणसं, तो बिचारा पोलीस, कोणाचाच आवाज नाही. मी टोल हाणला.

मोहन, तो मला ऐकू आला. पोटातून वर, बरगड्यांतून. मग मागचे एकवीस आले आणि रस्ता तळपायाला कळायला लागला. तुला खरं सांगते, प्लास्टिक आहे की चामडं, बरगड्यांना काही फरक कळत नाही. चैत्रालीला हे मी सांगितलेलं आहे. तू चिडायला मोकळा.

पुढच्या वर्षी तो टोल तुझा. तोवर जग.

ताई


एजवेअर
गुरुवार, ११ सप्टेंबर

ती. ताई,
सा. न.

तुझ्या पत्रात ता. क. नव्हतं. पान उलटून पाहिलं, पाकीट झटकलं. वरदा म्हणाली, "नाहीये, बसा आता."

बरगड्यांचं मत मी मान्य करत नाही. पण तुझा पहिला टोल मी पाठीमागून ऐकला. अर्धी मात्रा उशिरा होता. चैत्रालीला विचारलं, तर म्हणाली, "काका, आम्ही सगळे आजींसाठी अर्धी मात्रा थांबलो, तुम्हीही थांबा." थांबलो.

खपली पडली. खाली गुलाबी नवी कातडी आली आहे, खळगा राहील म्हणतात. शेड परत मिळाली, रिकामी, धुतलेली. त्यात मी आता खरोखर लॉनमोअर दुरुस्त करतो आहे. वरदाला ते खरं वाटत नाही. दिवसातून चार वेळा दार उघडून बघते, आत येते, चहा ठेवते आणि मी काही बोलेपर्यंत हलत नाही.

तुझा,
मोहन

ता. क. आजचा चहा अगदी पाणचट होता. तसं सांगितलं. वरदाने माझ्या हातातला कप घेतला, उरलेला स्वतः प्यायली आणि हसत आत गेली.